पाचवी फुली

कवळ्या करणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या तोंडात पाहण्याची सवय असते. आपल्या तोंडातून काय बाहेर पडते, तिकडे त्याचे लक्ष असेलच असे नाही. भिंगकाकांचे तसेच झाले.

दातांच्या डॉक्टरांकडून प्लास्टरचे साचे यायचे आणि दुकानामागच्या खोलीत खिडकीशी बसून काका मेणात एकेक दात उभा करायचे. कपाळावर चढवलेले भिंग जेवायला बसतानाही काढायचे राहून जाई, म्हणून गल्लीने हे नाव ठेवले होते. पुढचा दात केसभर तिरका गेला तरी सगळी ओळ मोडून ते नव्याने सुरुवात करत. देवाने दिलेल्या दातांत चुका सापडतील, ह्यांनी दिलेल्यांत सापडायच्या नाहीत, असे काकू म्हणत. ते कौतुक होते की तक्रार, हे काकांनी कधी विचारले नव्हते.

हौसही त्यांनी आपल्या स्वभावाला शोभेल अशीच लावून घेतली होती. जुन्या महायुद्धातल्या लढाऊ विमानांच्या हुबेहूब लहान प्रतिकृती करायच्या. अशी हौस असणाऱ्यांचे गावात एक मंडळ होते. वाचनालयाच्या वरच्या खोलीत ही मंडळी जमत, चहा घेत आणि एकमेकांच्या विमानांत चुका काढत. त्यात पहिला मान घड्याळजींचा. ते घड्याळे दुरुस्त करत. त्यांच्या नजरेतून मुंगीचा पायसुद्धा सुटत नसे. पण काकांच्या कामात बोट ठेवायला त्यांना कधी जागा मिळाली नव्हती, आणि त्यामुळे त्यांचे पोट बारा महिने दुखत असे.

गावातला एक तरुण त्या युद्धात वैमानिक होता. समुद्रावर गेला तो परत आला नाही. विमानही सापडले नाही. त्याच्या त्या विमानाची प्रतिकृती करून वाचनालयात काचेच्या पेटीत ठेवायची, असे ग्रंथपाल बाईंनी मनावर घेतले. काम काकांकडे आले. दुसऱ्या कुणाचे नाव निघालेच नाही. घड्याळजीसुद्धा गप्प बसले.

विमान समुद्राच्या तळाशी, तेव्हा पाहून करायला उरला होता एकच फोटो. तो वैमानिकाच्या धाकट्या बहिणीकडे होता. तिला सगळे गाव आक्का म्हणे. आता नव्वदी ओलांडलेली, काठी टेकत चालणारी बाई. तिने सारी उमर तारखात्यात काढली. दुसऱ्यांच्या घरची जन्ममरणे तिच्या बोटांखालून टकटक करत गेली, पण त्यातला एक शब्द कधी इकडेतिकडे सांडला नाही. भाऊ लहानपणी तिला चिमणी म्हणायचा. विमानाच्या नाकावर त्याने चिमणीच रंगवून घेतली होती. ते नाव आता कुणाला ठाऊक नव्हते. ठाऊक असणारे सगळे देवाघरी गेले होते.

फोटोत तो पंखावर कोपर टेकवून उभा होता. त्याच्या डोक्याच्या मागे, वैमानिक जिथे बसतो त्या खाचेच्या काठाखाली, लहान लहान काळ्या फुल्या एका ओळीत रंगवलेल्या होत्या. शत्रूचे एक विमान पाडले की एक फुली, अशी तेव्हाची रीत. फुल्या पाच होत्या.

काका कामाला बसले. पंखाचा आकार पातळ लाकडातून तासला. चाकांच्या दांड्या जाड तारेच्या केल्या. वैमानिकाची खुर्ची हिरड्यांसाठी उरलेल्या गुलाबी मसाल्याची घडवली आणि तिच्यावर हिरवा रंग चढवला. काकू म्हणाल्या, रंग दिलात ते बरं केलं, नाहीतर विमान येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघून हसलं असतं. तेलाचे ओघळ, धुराची काजळी, पायाने घासलेला पंखाचा काठ, हे सगळे त्यांनी दात रंगवायच्या कुंचल्याने उतरवले. मग फुल्यांची पाळी आली. भिंगातून पाहता पाहता काकांना एक गोष्ट दिसली, ती आजवर कुणालाच दिसली नव्हती. पहिल्या चार फुल्या उन्हापावसाने विटलेल्या होत्या. पाचवी मात्र काळीभोर, जणू सकाळीच काढलेली. आणि तिच्याभोवतीचा रंग खरवडून आतला पत्रा चकाकत होता. काकांना इतका आनंद झाला की त्यांनी काकूंना हाक मारून ते दाखवले. पाचवी शेवटची, म्हणून ताजी. आणि आत चढताना बुटाची टाच लागत असणार, म्हणून खरवड. त्यांनी ती खरवडही तश्शी उतरवली. चांदीच्या रंगाचा एक कण, सुईच्या टोकावर घेऊन.

विमान पुरे होत आले तेव्हा आक्का पाहायला आल्या. काकूंनी त्यांना खिडकीशी बसवले. काकांनी आपले भिंग त्यांच्या हातात दिले. आक्का चिमणीकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मग भिंग मागे सरकले, फुल्यांवर आले आणि तिथेच थांबले.

"भिंग्या," त्या म्हणाल्या. गावात काकांना असे म्हणणाऱ्या त्या एकट्याच. "चारच ठेव रे."

काकांना वाटले, म्हातारीच्या मोजण्यात गडबड झाली. त्यांनी फोटो पुढे केला, एकेका फुलीवर सुईचे टोक टेकवून मोजून दाखवले. आक्का म्हणाल्या की पाच आहेत ते दिसतंय, डोळे गेलेले नाहीत; पण तू चार कर. काकांनी कारण विचारले. आक्का खिडकीबाहेर पाहू लागल्या. एवढंच माझ्यासाठी कर म्हणाल्या, कारण नको विचारूस.

आता इथे एखादा साधा माणूस असता तर बरं म्हणून मोकळा झाला असता. पण जिथे आपला अभिमान बसलेला असतो, त्या खुर्चीवरून माणूस देवालासुद्धा उठून जागा देत नाही. काकांनी आक्कांना अगदी गोड आवाजात समजावले. प्रतिकृती म्हणजे प्रतिकृती; तिच्यात आपल्या मनाचं घालायचं नसतं; उद्या घड्याळजी फोटो शेजारी धरून मोजतील. शिवाय हा तर तुमच्या भावाचा पराक्रम, तो मी कमी कसा करू? आक्कांनी भिंग टेबलावर ठेवले, काठी घेतली आणि चहा न घेताच गेल्या.

काकू दाराशी उभ्या होत्या. "मागितलं काय, तर एक ठिपका," त्या म्हणाल्या. "तुमच्या विमानाचा पंख नाही मागितला."

काकांनी भिंग डोळ्यावर ओढले.

विमान पेटीत ठेवायच्या दिवशी वाचनालयाची वरची खोली भरून गेली. ग्रंथपाल बाईंनी खुर्च्या मांडल्या होत्या आणि पहिल्या रांगेत आक्कांना बसवले होते. पेटीवर पांढरे कापड, शेजारी नवाकोरा सदरा घातलेले काका. कापड ओढले तेव्हा लोकांचा श्वास एकदम आत गेला. तो आवाज काकांनी ऐकला, आणि ऐकताच त्यांचे पाय जमिनीवरून वीतभर वर गेले म्हणा ना. घड्याळजी पेटीभोवती दोन फेऱ्या मारून काही न बोलता जागेवर येऊन बसले. याहून मोठी पावती कोणती?

ग्रंथपाल बाईंनी चार शब्द बोला म्हटले. काका चारावर थांबले नाहीत. तेलाचे ओघळ झाले, गुलाबी खुर्ची झाली, लोक हसले. हसरे लोक समोर असले की बोलणाऱ्याची जीभ उताराला लागते. काका फुल्यांवर आले. पाचवी कशी ताजी आहे, भोवती कशी खरवड आहे, हे आजवर कुणाच्या लक्षात आले नव्हते ते सांगितले. आणि मग म्हणाले, "आपल्या आक्का तर मला म्हणत होत्या, एक फुली कमी कर. म्हटलं, आक्का, लोक भावाकडून वाटणी मागतात ते ऐकलं होतं, तुम्ही त्याच्या पराक्रमातसुद्धा हिस्सा काढायला बसलात का?"

खोली खळखळून हसली. आक्काही हसल्या. तोंड मिटून, मान किंचित खाली घालून, चारचौघांत माणूस हसतो तशा. काकांनी ते पाहिले आणि त्यांना बरे वाटले. काकू मागच्या रांगेत कडेला होत्या. त्यांना आक्कांचा चेहरा दिसत नव्हता, मांडीवरचे हात तेवढे दिसत होते. एका हाताने दुसऱ्या हाताचा अंगठा घट्ट धरून ठेवला होता, जसा रस्ता ओलांडताना मुलाचा हात धरतात.

सगळे पेटीपाशी जाऊन पाहून आले. आक्का जागेवरून उठल्या त्या सरळ जिन्याकडे गेल्या.

पुढे काही दिवस काकांना एक खडा टोचत राहिला. सगळ्या गावाने वाहवा केली, आक्कांनी केली नाही. फोटो परत द्यायचे निमित्त होतेच. एका दुपारी ते आक्कांच्या घरी गेले. आक्का स्वयंपाकघरात मटार सोलत बसल्या होत्या. त्यांनी स्टूल पुढे सरकवले. काकांनी फोटो टेबलावर ठेवला आणि विमान कसं वाटलं, आवडलं का, असे दोन-तीन वेळा फिरवून फिरवून विचारले.

आक्कांनी शेंग फोडली. दाणे भांड्यात पडले.

"त्यातली एक त्यांची नव्हती," त्या म्हणाल्या. "आपलीच होती."

काकांना प्रथम कळलेच नाही. मग आक्कांनी सांगितले. आवाज अगदी सपाट, तार वाचून दाखवावी तसा. भाऊ शेवटच्या रजेवर घरी आला होता तेव्हा तो जेवत नव्हता, आईशी धड बोलत नव्हता. ती लहान, याच स्वयंपाकघराच्या पायरीवर अशीच मटार सोलत होती. तो शेजारी येऊन बसला आणि तिला सांगितले. ढगांतून सूर्याच्या बाजूने एक विमान वळले, याने शत्रूचे समजून गोळ्या झाडल्या. आत होता तो याच्याच तुकडीतला, शेजारच्या खाटेवर झोपणारा मुलगा. वरच्या लोकांनी ते दाबले. शत्रूचे म्हणूनच मोजले आणि फुली रंगवली. वर्तमानपत्रवाले फोटो काढायला येणार होते; पाच विमाने पाडली की वैमानिक मोठा वीर ठरे, म्हणून त्यांना पाच हवीच होती.

"मला काय कळत होतं रे तेव्हा? मी म्हटलं, मग पुसून टाक ना. तर म्हणाला, पुसतो गं चिमणे. रोज उतरलो की अंगठ्याने घासून पुसतो. ते परत रंगवतात."

काकांचा हात टेबलावर होता. तो त्यांनी मांडीवर घेतला.

"त्याच्या नखात काळा रंग होता," आक्का म्हणाल्या. "आई म्हणाली, सैन्यात साबण देत नाहीत का. तो नुसता हसला. गेला, आणि थोड्याच दिवसांत आमच्या घरी तार आली."

ताजी फुली. भोवतीची खरवड. काकांनी सगळे पाहिले होते. सुईच्या टोकावर चांदीचा कण घेऊन त्यांनी एका पोराची लाज जशीच्या तशी मांडली होती, भिंगाखाली मांडली होती, आणि मग ती साऱ्या गावाला दाखवून वर विनोद केला होता. बुटाची टाच म्हणे! डोळा देव देतो, पण त्यामागे बसून पाहणारा जो कोणी असतो तो झोपलेला असला तर भिंग लावून काय उपयोग?

त्यांना क्षमा मागायची होती. पण जिभेला दाढेपर्यंत आलेला शब्द दातांपलीकडे ढकलता येईना. शेवटी ते एवढेच म्हणाले की मी आत्ता जाऊन ती काढतो.

"आता राहू दे," आक्का म्हणाल्या. "आता काढलीस तर का काढली म्हणून विचारतील. मी आईलाही सांगितलं नव्हतं. तुला सांगितलं, कारण तुला न सांगता ऐकायला येत नाही." मग मटारचे भांडे त्यांच्याकडे सरकवून म्हणाल्या, "चार शेंगा सोल. बसलाच आहेस तर."

काकांनी सोलल्या. एकही दाणा त्यांच्या हातून सरळ भांड्यात पडला नाही.

त्यानंतर घरी त्यांचे चित्त लागेना. एका बाईंच्या कवळीत त्यांनी डावीकडचा सुळा उजवीकडे बसवला. डॉक्टरांनी साचा परत पाठवला. असे आयुष्यात प्रथमच घडले. काकूंनी विचारले, आक्का काही बोलल्या का? ते नाही म्हणाले. काकूंनी त्यांच्याकडे पाहिले आणि पुन्हा विचारले नाही. पण ताट वाढताना पूर्वी भिंग काढा म्हणून बोलायच्या, ते बोलायचे काही कारणच उरले नव्हते. भिंग टेबलाच्या खणात पडून होते. गल्लीत कुणी विमानाची स्तुती केली की काका चप्पल शोधू लागत. रात्री डोळे मिटले की आक्कांचे ते मिटल्या तोंडाचे हसू दिसे. सर्वांत जास्त लाज त्याचीच वाटे. ती हसली होती आणि आपल्याला बरे वाटले होते.

फुली काढायची तर कारण द्यायला हवे, आणि खरे कारण द्यायला ते त्यांचे नव्हते. दुसरे एकच कारण होते, ते म्हणजे आपलीच चूक झाली असे चारचौघांत सांगणे. देवापुढे हात जोडून चुकलो म्हणणे सोपे असते. तो मंडळात चहा प्यायला येत नाही.

मंडळाच्या पुढच्या बैठकीला काका गेले. चहाचे पेले अजून भरायचे होते. ग्रंथपाल बाई होत्या, घड्याळजी होते, आणखी चार-पाच जण. काका उभे राहिले आणि त्यांनी सांगितले की विमानात चूक आहे. सगळ्यांना थट्टा वाटली.

"फुल्या चार होत्या," काका म्हणाले. "पाचवी म्हणजे फोटोवरचा डाग. मी डागाला फुली समजलो."

चार होत्या, हे खरेच होते. खोटे होते ते कारण. आणि इतकी वर्षे अचूकपणाची शपथ खाणाऱ्या माणसाने ते खोटे सगळ्यांच्या डोळ्यांत पाहून सांगितले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. चोरी पकडली गेल्यासारख्या. त्यामुळे लोकांचा विश्वास लगेच बसला.

घड्याळजींची खुर्ची करकरली. इतक्या वर्षांचे पोटदुखीचे औषध असे आपणहून चालत आले होते. डाग? डाग म्हणता? मग ती खरवड, ती बुटाची टाच, ते अर्धा तास भाषण, ते सगळं डागाचं? काका हो म्हणाले. घड्याळजी म्हणाले की बिचाऱ्या आक्का बरोबर सांगत होत्या, आणि तुम्ही भरसभेत त्यांनाच वाटणीवाली केलीत. काका पुन्हा हो म्हणाले. त्यांना वाटले, हा मात्र चुकून का होईना अगदी मर्मावर बोलला. कुणीतरी फोटो पुन्हा मागवून पाहू म्हणाले. काका इतक्या घाईने नको म्हणाले की सगळ्यांनी वर पाहिले. म्हातारीला आता आणखी त्रास नको, त्यांनी सांगितले. चूक माझी आहे, तिला का खेटे घालायला लावायचे? ग्रंथपाल बाईंनी शंका काढली की जुन्या वर्तमानपत्रातही पाचच छापलंय. काका म्हणाले, त्यांनीही फोटोवरूनच मोजल्या असतील. बाई थोडा वेळ त्यांच्याकडे पाहत राहिल्या. मग कमरेच्या जुडग्यातून किल्ली काढली आणि म्हणाल्या, विमान तुम्ही केलंय, फुली तुमची.

"भिंगकाकांचे आजपासून डागकाका," घड्याळजींनी जाहीर केले. सगळे हसले. चहा आला.

काकांनी पेटी उघडली. खिशात रंग विरघळवायच्या पातळ द्रवाची बाटली होती, कापूस होता, बारीक कुंचले होते. पुसून, वर हिरवा रंग देऊन, जागा अशी सारखी करता आली असती की तिथे कधी काही होते हे कळले नसते. त्यांनी अंगठ्याला द्रव लावला आणि फुली घासली. ती सहज गेली नाही. काकांनी पक्की बसवली होती. काळा रंग पसरला, मग फिका झाला, मग खरवडीचा चांदीचा रंग तिथे पसरून चकाकू लागला. तेवढे करून त्यांनी पेटी बंद केली. कुंचले खिशातच राहिले. घड्याळजी मागून म्हणाले, अहो, डाग काढताना डाग पाडलात. काकांनी किल्ली बाईंच्या हातात दिली.

बातमी गावभर झाली. दातांचे डॉक्टरही साचा देताना चारच दात बसवा बरं का, पाचवा डाग असेल, असे म्हणू लागले. काकूंनी ते सगळे ऐकले आणि एके दिवशी न सांगता-सवरता आक्कांचा हात धरून त्यांना वाचनालयाच्या जिन्यावरून वर आणले. काका तिथेच होते. पेटीची काच पुसून द्यायला ग्रंथपाल बाईंनी बोलावले होते. आक्कांना पाहताच ते बाजूला झाले.

आक्का काचेला नाक टेकेल इतक्या जवळ गेल्या. चिमणी पाहिली. मग फुल्या. चार फुल्या आणि त्यांच्यापुढे ती खरवडलेली, काळपट, चकाकणारी जागा. खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेले. काकूंना त्या जागेचा अर्थ कळत नव्हता, पण आक्कांचा हात त्यांच्या हातात होता आणि त्याची पकड घट्ट होत होती, म्हणून त्या हलल्या नाहीत.

"भिंग्या, इकडे ये," आक्का म्हणाल्या.

काका आले. मान वर केली नाही.

"हात दाखव."

त्यांनी डावा पुढे केला. आक्का म्हणाल्या, तो नाही. उजवा त्यांनी पाठीमागे मूठ करून धरला होता. रोज साबण लावूनही तो रंग गेला नव्हता. नखाच्या कडेत काळी रेघ राहिली होती, आणि आक्कांपुढे ती उघडी करायची म्हणजे काकांना अंगावरचा सदरा उतरवण्यासारखे वाटत होते. आक्कांनी काठी काकूंकडे दिली. दोन्ही हातांनी काकांची मूठ पुढे ओढली, एकेक बोट सोडवले आणि अंगठा उजेडात धरला.

"इतका घासायचा नसतो रे," त्या म्हणाल्या. "सोलून निघतो."

आणि त्या तो अंगठा तसाच धरून उभ्या राहिल्या. काकांना तो सोडवून घ्यावासा वाटत होता, पण सोडवून घेता येईना.